‘जगले असते तर सामान्यच निघाले असते’ हे मला साफ नामंजूर

पार्कचौककर
इथले सदस्य रंगभवन यांनी परवा लिहिलं की युद्धात गेलेले तरुण कवी मरणामुळेच मोठे झाले. म्हातारे झाले असते तर चार बरे संग्रह काढून विसरले गेले असते, तेव्हा साहित्याचं नुकसान वगैरे भाबडेपणा आहे. वाचून संताप आला, म्हणून सविस्तर लिहितोय.

इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन पहिल्या महायुद्धात 4 नोव्हेंबर 1918 ला कालवा ओलांडताना मारला गेला. वय 25. युद्ध थांबायला सात दिवस उरले होते. त्याच्या गाजलेल्या कविता बहुतेक सगळ्या ऑगस्ट 1917 नंतरच्या, म्हणजे सव्वा वर्षातल्या. त्यात त्याने यमक मोडून पाहिलं: व्यंजनं तीच, स्वर वेगळे. मराठीत ‘वारा’पुढे ‘तारा’ न ठेवता ‘वैरी’ ठेवावं तसं. कान जुळणीची वाट बघतो आणि ती हुकते. हे हत्यार हातात बसतंय तोवर माणूस गेला. ते प्रेमाच्या किंवा शेतावरच्या कवितेत कसं चाललं असतं, हे त्याच्याकडून कळायचं राहिलं.

दुसरं नुकसान छाटणीचं. जगलेला कवी आपलं कच्चं लिखाण स्वतः फाडतो. ओवेनच्या हयातीत जेमतेम पाच कविता छापून आल्या, बाकीचे खर्डे. एकाच जागी दोन शब्द, दोन्ही न खोडलेले. कुठला ठेवायचा? 1920, 1931, 1963, 1983 अशा आवृत्त्या निघत राहिल्या त्या यापायी.

रंगभवन
संपादनाचं खरं आहे. पण 1918 म्हटलं की तुम्हाला ओवेन आठवतो, मला बालकवी. त्याच वर्षी 5 मे, भादली स्टेशन, वय 27. पुढच्या जानेवारीत गडकरी, वय 33, ‘राजसंन्यास’ अर्धं टाकून. केशवसुत 1905 ला प्लेगने गेले. यांना कुणी गोळी घातली नव्हती. राहिलेली कविता ती राहिलेलीच, मग युद्धाला वेगळा मान कशाला?

कन्नाचौक
मान कुणी मागितलाय? रोग माणूस नेतो. युद्ध त्याच्याबरोबर पत्रं जपणारा मित्र, पहिला वाचक, उद्याचा संपादक, सगळ्यांना एकदम नेतं. आणि मराठीला झळ लागली नाही हे कुणी सांगितलं? त्याच युद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉरच्या अहवालांत उरली, तीही इंग्रजीत उतरवलेले तुकडे. अनेक पत्रं तर शिपायाने सांगितलेली, दुसऱ्याने लिहिलेली. मूळ बोली गेली. त्यात एखादा पोवाडे रचणारा होता का, हे शोधायलाही वाट उरली नाही.

रंगभवन
‘असेल’ला पुरावा म्हणू नका. अशाने प्रत्येक मेलेला माणूस कवी ठरेल.

साखरपेठ
आपल्या सोलापूरचं बघा की. 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेल्या चौघांतले कुर्बान हुसेन पत्रकार होते. चौकात पुतळ्याला हार घालतो, त्यांचं लिखाण किती जणांनी वाचलंय? डॉ. कोटणीस 1942 ला चीनमध्ये वारले तेव्हा शस्त्रक्रियेचं पुस्तक लिहीत होते.

रंगभवन
पाठ्यपुस्तक साहित्यात कधीपासून?

साखरपेठ
भाषा घडवणारं प्रत्येक लिखाण साहित्याचं आहे. हा सोवळेपणा सोडा.

जुळेसोलापूर
वाद राहू द्या, आधी कवींच्या हस्तलिखित वह्या वाचवा. हंगेरीचा कवी मिक्लोश रादनोती नोव्हेंबर 1944 मध्ये मारला गेला. जून 1946 ला थडगं उकरलं तेव्हा कोटाच्या खिशात कवितांची वही सापडली. मातीत दीड वर्ष राहून ती वाचता आली, आणि आपल्याकडे घरच्या कपाटात वह्यांचा भुगा होतो. लॅमिनेशन अजिबात करू नका, उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेपचा डिंक पिवळा पडून शाईत उतरतो. गंजलेली पिन ओढू नका, मागून टोकं सरळ करून काढा.

कन्नाचौक
प्लास्टिकच्या पिशवीत डांबरगोळ्या टाकून बांधलं की झालं.

जुळेसोलापूर
चूक! पावसाळ्यात पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते. कोऱ्या सुती कापडात गुंडाळा, पण आधी ते गरम पाण्यात दोनदा धुऊन खळ काढा. खळ म्हणजे पिठूळ, कसरीला मेजवानी. यंत्रमागाच्या गावात हे सांगावं लागतंय!

फोटो सावलीतल्या उजेडात काढा, शेजारी पट्टी ठेवून. कोरी पानं, मलपृष्ठ, हिशोबाची पानंसुद्धा. मोबाइलच्या स्कॅनरमध्ये काळा-पांढरा पर्याय नको, त्यात पेन्सिलच्या पुसट खुणा उडतात आणि कवीची दुसरी निवड बहुधा पेन्सिलनेच लिहिलेली असते. उतरवताना शुद्धलेखन सुधारू नका.

पार्कचौककर
रशियन सैन्याने मारलेला युक्रेनचा लेखक वोलोदिमिर वाकुलेंको, त्याने आपली डायरी बागेत चेरीच्या झाडाखाली पुरली होती. ती 2022 मध्ये तिथलीच लेखिका व्हिक्टोरिया अमेलिना हिने खणून काढली. पुढच्या वर्षी क्षेपणास्त्राने तीही गेली, वय 37. तिचं अपुरं पुस्तक सहकाऱ्यांनी छापलं तेव्हा टिपणं टिपणं म्हणूनच ठेवली, भर घातली नाही. रंगभवन, हिलाही मरणाने मोठं केलं म्हणाल?

रंगभवन
नाही म्हणणार. छाटणीचा हक्क मरणाने जातो, एवढं मान्य. पण मरणाने वाचक वाढतात हे मी मागे घेत नाही. आणि सेन्सॉरच्या पत्रांत कवी शोधणं मला अजूनही पटलेलं नाही.

कन्नाचौक
कापडाची खळ निघाली हे ओळखायचं कसं?

जुळेसोलापूर
ओल्या कापडावर टिंक्चर आयोडिनचा एक थेंब टाका. निळं-काळं झालं तर अजून एकदा धुवा.