परिमंडळ बदलल्याने मजुरीत खरोखर किती बचत होते?

भोसरीकर उद्योजक:
भोसरीत आमचा सीएनसी टर्निंगचा, म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्रावर धातूचे सुटे भाग कातण्याचा, १४ कामगारांचा कारखाना आहे. भाडेकरार संपत आला असून पारनेर तालुक्यातील सुपे येथे गाळा स्वस्त मिळतो आहे. किमान वेतनाचे दर परिमंडळांनुसार, म्हणजे भागांनुसार, ठरतात; महानगरपालिका हद्दीत परिमंडळ १ चे किमान वेतन लागते आणि ग्रामीण भागात ते कमी असते, असे समजते. या फरकासाठी कारखाना हलवणे योग्य ठरेल का?

वेतन सल्लागार, चिंचवड:
परिमंडळांची व्याख्या प्रत्येक अनुसूचित (किमान वेतनासाठी यादीत असलेल्या) उद्योगाच्या अधिसूचनेत वेगळी असू शकते, म्हणून आधी आपली अधिसूचना वाचावी. त्यानंतर हजेरीपट समोर ठेवून पाहावे की किमान वेतनावर प्रत्यक्षात किती जण आहेत. बहुधा तीन-चार मदतनीसच निघतील, कारण सीएनसी चालवणारा ऑपरेटर त्या दरात पुण्यात मिळतच नाही. परिमंडळांतील फरक माणशी महिना काही शे रुपयांचा असतो. भविष्यनिर्वाह निधीचा दर तर सगळीकडे एकच आहे. शिवाय वेतन संहिता, २०१९ नुसार केंद्र सरकार ठरवील त्या तळवेतनाखाली कोणत्याही राज्याला जाता येत नाही.

रांजणगावहून:
आम्ही पिंपरीहून इकडे आलो तेव्हा हाच हिशेब मांडला होता. आमचा सेटर, म्हणजे यंत्र कामासाठी जुळवून देणारा कारागीर, आला नाही, आणि त्याच्या जागी नवा माणूस तयार होईपर्यंत दोन यंत्रे बंद राहिली. भागांचे प्लेटिंग (मुलामा) आणि हीट ट्रीटमेंट (तापवून कठीण करणे) अजूनही भोसरीतच होते, त्यामुळे ट्रे भरला की टेम्पो धाडावा लागतो. पूर्वी इन्सर्ट (यंत्राचे धातू कापणारे छोटे पाते) तुटला तर पोऱ्या सायकलवर जाऊन दहा मिनिटांत नवा आणत असे. आता अर्धी पाळी त्यातच जाते. मजुरीत वाचलेले पैसे डिझेलमध्ये गेले, हे मी मनापासून सांगतो.

अर्थशास्त्राचा प्राध्यापक:
अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर झाल्यावर शेजारच्या पेन्सिल्व्हेनियाशी तुलना केली, तेव्हा न्यू जर्सीतील रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही. मात्र त्यांनी पाहिली ती फास्ट फूडची उपाहारगृहे होती आणि त्यांचे गिऱ्हाईक गावातच असते. आपला सुटा भाग कुठेही बनू शकतो, त्यामुळे तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावू नये. जागा निवडताना उद्योगांना सवलती देणाऱ्या राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत त्या तालुक्याचा वर्ग कोणता आहे, हे मजुरीपेक्षा आधी तपासावे.

भोसरीकर उद्योजक:
हजेरीपट पाहिला, किमान वेतनावर तिघेच आहेत. आता भाड्याची बचत आणि टेम्पोच्या फेऱ्या एवढ्याचाच हिशेब मांडतो, आणि सेटरला आधी विचारतो.