‘शर्माजी नमकीन’: एक भूमिका, दोन चेहरे
या हिंदी चित्रपटात एकाच भूमिकेत कधी ऋषी कपूर तर कधी परेश रावल दिसल्याने रसभंग होतो, हा आक्षेप मी समजू शकतो. सुरुवातीला माझेही तसेच झाले. मात्र ३० एप्रिल २०२० रोजी ऋषी कपूर गेले तेव्हा चित्रीकरण अपुरे होते, आणि परेश रावल यांनी त्यांची नक्कल न करता आपल्या पद्धतीने उरलेली दृश्ये पूर्ण केली, हा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. रणबीर कपूर आरंभीच तसे स्पष्ट सांगतात.

माझे मन गुंतले ते मात्र ऋषी कपूर यांच्या दृश्यांत. ‘बॉबी’पासून (१९७३) ज्यांना प्रियकर म्हणून पाहिले, ते येथे सक्तीने निवृत्त झालेले दिल्लीचे विधुर गृहस्थ आहेत, आणि मुलांपासून लपवून महिलांच्या किटी पार्टीसाठी स्वयंपाक करताना त्यांच्या चेहऱ्यावर जो उल्हास उमटतो, तो रक्ताच्या कर्करोगावरील दीर्घ उपचार घेऊन परतलेल्या माणसाचा आहे, हे क्षणभरही जाणवत नाही. जूही चावला यांच्यासमोरचे त्यांचे अवघडलेले हसू तर मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.