क्लोज्ड-बॅक हेडफोन आणि चष्म्याची काडी
‘क्लोज्ड-बॅक (कानावरच्या कपांची बाहेरची बाजू बंद असलेला) हेडफोन घातला की बाहेरचा आवाज थांबतो’ असे म्हणतात, ते मला अर्धेच पटते, कारण झांजेसारखे उंच स्वर त्याने बरेच अडत असले तरी जनरेटरची घरघर किंवा समुद्राची गाज आत येतेच. कुडाळजवळच्या एका जत्रेत दशावताराचे ध्वनिमुद्रण करताना ऐकू येणारी घरघर माइकमधूनच येते आहे असे समजून मी लो-कट फिल्टर (खालचे स्वर कापणारी सोय) लावला आणि घरी ऐकतो तर मृदंगाचा घुमारा पार पातळ झालेला. दोष निघाला माझ्या चष्म्याच्या जाड काडीचा. तिच्यामुळे हेडफोनची गादी कानाभोवती नीट टेकत नव्हती, त्या फटीतून बाहेरची घरघर आत शिरत होती आणि हेडफोनचा खर्ज बाहेर निसटत होता. तेव्हापासून मुद्रणाला बारीक काडीचा चष्मा नेतो. (आमच्याकडच्या दमट हवेत कृत्रिम चामड्याच्या गाद्या सोलवटतात, तेव्हाही हेच घडते.)