साल्मियाक्की जपून!
शाकाहारी माणसाला फिनलंडमध्ये ब्रेड-बटाट्यावरच दिवस काढावे लागतात, असं काहींचं म्हणणं दिसतंय. तितकंही वाईट नाही हो. कार्यालानपीराक्का मागा: राय (rye) या धान्याच्या पिठाची पातळ, कडेने चुण्या घातलेली पारी आणि आत दुधात शिजवलेला भात. वर उकडलेलं अंडं लोण्यात कुस्करून लावतात. चालत नसेल तर नुसतं लोणी सांगा. लेइपायूस्तो हे चीज दाताखाली कुरकुरतं, सोबत क्लाउडबेरी या नारिंगी रानफळाचा जाम हवाच. (रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध घट्ट करणारं, बरेचदा वासराच्या जठरातून काढलेलं द्रव्य, वर्ज्य असेल तर वेष्टन वाचा.) मासे खाणाऱ्यांनी सामन, बटाटा, साय आणि शेपूचं लोहिकेइत्तो सूप चुकवू नये. साल्मियाक्की मात्र जपून! ज्येष्ठमधाच्या त्या काळ्या गोळीत चक्क नवसागर असतो. ईस्टरला खातात ते मॅम्मी, म्हणजे राय-माल्टचा गोड लगदा, दिसायला डांबर, पण साय-साखर घालून मला तरी आवडतं.