ड्रायव्हरचं दार सोडून बाकी तिन्ही लॉक होतात, अ‍ॅक्च्युएटर बदलून पण तेच

देवगडकर_हापूसवाला
नमस्कार मंडळी. गाडी 2013 ची पेट्रोल हॅचबॅक, सेंट्रल लॉक कंपनीचं नाही, नंतर बाहेरून किट बसवलेलं. गाडी अंगणात उघड्यावरच असते आणि समुद्र घरापासून पाच मिनिटांवर, त्यामुळे गंज आमच्याकडे पाहुणा नाही, घरचाच आहे.
जूनपासून सुरू झालंय. रिमोट दाबला की तीन दारं खटकन लॉक होतात आणि ड्रायव्हरचं जागचं हलत नाही, मग चावीने करायचं. आतून ड्रायव्हरची नॉब दाबली तर बाकीची दारं कधी लॉक होतात कधी नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे परवा राजापूरच्या पुढे खड्ड्यातून जाताना चालत्या गाडीत दारं आपोआप खटाखट खटाखट लॉक अनलॉक व्हायला लागली, मागे आई बसली होती तिने घरी येऊन गाडीच्या नावाने गाऱ्हाणं पण घातलं.
कणकवलीच्या एका मेकॅनिकने ड्रायव्हर साईडचा अ‍ॅक्च्युएटर (दारातली लॉक ओढणारी छोटी मोटर) नवीन टाकला, दोन दिवस मस्त चाललं, परत तेच. आता म्हणतो मोड्यूल (सगळ्या दारांना लॉकचा हुकूम देणारा डबा) गेलं, पूर्ण किट बदला. मध्ये एकदा फ्यूज पण उडाला होता. गणपतीला मुंबईहून माणसं येणार, त्याआधी काय ते उरकायचंय. काय बघू?

खाडीपलीकडचा
आधी रिमोटचा सेल बदलून बघा, पावसात माझा असाच गेला होता. आणि दाराच्या लॅचमध्ये (दार अडकवणारा खटका) गंज काढायचा स्प्रे मारा.

वायरमन_चिपळूण
सेल गेला असता तर तिन्ही दारं पण गप्प बसली असती हो. स्प्रे मारायला हरकत नाही पण खड्ड्यात आपोआप खटाखट होणं हे लॅचचं काम नाही, ही वायर आहे.
भाऊ, तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "दोन दिवस मस्त चाललं" हे आहे. अ‍ॅक्च्युएटर बदलताना दार तासभर उघडं, पॅड काढलेलं, वायरी ओढाताण करून हलवलेल्या, तेवढ्यात तुटलेली तार तात्पुरती टेकली असणार. जुना अ‍ॅक्च्युएटर चांगलाच असेल, टाकून देऊ नका.
आता हे किट कसं चालतं ते बघा म्हणजे तुम्हालाच कळेल. बाकी तीन दारांत दोन वायरचे अ‍ॅक्च्युएटर असतात, हिरवी आणि निळी, नुसती मोटर. ड्रायव्हरच्या दारात पाच वायरचा, हिरवी निळी मोटरच्या आणि काळी पांढरी ब्राऊन या आतल्या स्विचच्या. काळी म्हणजे अर्थिंग, गाडीच्या पत्र्याला जोडलेली. नॉब दाबली की स्विच पांढरी किंवा ब्राऊन यातली एक अर्थला टेकवतो, मोड्यूलला तेवढाच इशारा लागतो. म्हणजे पांढरी किंवा ब्राऊन वायर कुठे सोलून दाराच्या पत्र्याला लागली तर मोड्यूलला वाटतं कुणीतरी नॉबच दाबली. आलं लक्षात खड्ड्यात काय होतं ते?
फ्यूजचं पण तेच. हिरवी निळी एरवी दोन्ही अर्थलाच असतात मोड्यूलमधून, त्यामुळे पत्र्याला लागून पण काही होत नाही, पण रिमोट दाबल्यावर त्यातल्या एकीला क्षणभर 12 व्होल्ट येतात आणि नेमकी तीच पत्र्याला टेकली असेल तर फ्यूज गेला.
एक विचारतो, त्या दाराची पॉवर विंडो नीट चालते का?

देवगडकर_हापूसवाला
हो विंडो एकदम ओके. आणि फ्यूज उडाल्यावर मेकॅनिकने मोठा टाकला म्हणाला "आता उडणार नाही".

वायरमन_चिपळूण
तो मोठा फ्यूज आजच्या आज काढा, किटसोबत जेवढ्याचा होता तेवढ्याचाच टाका. फ्यूज उडणार नाही, वायर जळेल.
विंडो ओके म्हणजे कंपनीच्या वायरी दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतून नीट जातायत. आता किटच्या पाच वायरी त्याच नळीतून नेल्यात की आळस करून वेगळं भोक पाडलंय ते बघा.
त्याआधी दाराचं पॅड काढून अ‍ॅक्च्युएटरचं कनेक्टर सोडा आणि हिरव्या निळ्याच्या मध्ये इंडिकेटरचा 12 व्होल्टचा छोटा बल्ब लावा. डिजिटल मीटरवर भरवसा ठेवू नका, करंट एक सेकंदापेक्षा कमी वेळ येतो, आकडा दिसायच्या आत संपतो. लॉक आणि अनलॉक दोन्हीला बल्ब चमकला पाहिजे. चमकला तर वायर ठीक, नाही चमकला तर कुणीतरी दार सावकाश उघडझाप करत राहायचं आणि तुम्ही रिमोट दाबत राहायचा, कुठल्या कोनात पेटतो ते कळेल. पिवळी कनेक्टरं दिसली तर त्यांना हात लावू नका, ती एअरबॅगची.

मालवणी_तिरफळ
वायरमन बरोबर सांगता. माझ्या गाडयेक पण असाच झाला होता, वायर वरसून धड दिसता आणि आत तांबा तुटलेला. एकेक वायर धरून हळूच ओढून बघ, रबरासारखी ताणली तर समज आत काय नाय. आणि दाराखालची भोकां साफ कर, माती पाचोळो बसता मग पावसाचा पाणी दारातच ऱ्हवता.

देवगडकर_हापूसवाला
सापडलं!! वेगळं भोकच पाडलेलं निघालं, बिजागरीच्या खाली, ग्रोमेट (भोकाच्या कडेचं रबर) नाही काही नाही, नुसती काळी टेप आणि ती पण दमटपणाने सुटून लोंबत होती. पत्र्याच्या धारेने पांढरी आणि ब्राऊन सोलल्यात, निळी तर ताणली गेली बघा रबरासारखी, आत हिरवं पीठ झालेलं. खालच्या दोन भोकांतून लोटाभर पाणी निघालं.
आता सोल्डर करून टेप मारू का सरळ?

वायरमन_चिपळूण
वाकतं त्या जागी सोल्डर नको, तिथे वायर कडक होते आणि सोल्डरच्या शेजारीच परत तुटते. हिरवं झालेलं पूर्ण कापा, चकचकीत तांबं लागेपर्यंत, मग मऊ मल्टीस्ट्रँड (आत खूप बारीक तारा असलेल्या) वायरचा तुकडा टाकून एक जोड दाराच्या आत आणि एक डॅशबोर्डखाली असा घ्या, जोड एकमेकांशेजारी नकोत. वर गोंदवाली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). पाची वायरी आता कंपनीच्या नळीतून न्या, आणि त्या भोकाला रंग लावून रबरी बूच मारा. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह काढून.

देवगडकर_हापूसवाला
झालं काम. चार दिवस झाले, काल फोंडा घाटातून पण जाऊन आलो, एकदा पण खटाखट नाही. जुना अ‍ॅक्च्युएटर बॅटरीला डायरेक्ट लावून बघितला, टकाटक चालतोय. नव्याचे पैसे परत मागितले तर मेकॅनिक म्हणतो इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाही. कुणाला पाच वायरचा हवा असेल तर सांगा, पोस्टाने पाठवतो.