सल्ला हवा: 1872 च्या शिडाच्या मालवाहू जहाजावर माणसं किती आणि पगार किती?

दर्याकाठी
नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा लिहितेय. साल 1872, लंडनहून निघालेलं चहाचं क्लिपर (वेगवान शिडाचं जहाज), शांघायला जाऊन परत. नायक साधा खलाशी. तीन प्रकरणं झाली आणि चौथ्यात अडले, कारण तो परत येऊन धक्क्यावर उतरतो तेव्हा त्याच्या खिशात किती पैसे असतील तेच मला माहीत नाही. नेटवर कुठे महिना दोन पौंड म्हणतात, कुठे पाच. माणसं किती होती यावरही एकमत नाही. शिवाय त्याच जहाजावर रत्नागिरीकडचा एक खलाशी घालायची फार इच्छा आहे (आमच्या आजीचे आजोबा 'बोटीवर' होते, एवढंच घरात सांगतात). काय वाचू, कुठे बघू?

उलटा_वारा
माणसांपुरतं सांगतो. 'कटी सार्क' हे चहाचं प्रसिद्ध क्लिपर डोळ्यांसमोर ठेवा, काळ आणि मार्ग तुमचेच आहेत. 963 टनांचं जहाज, चहाच्या दिवसांत साधारण पंचवीस ते तीस माणसं. कप्तान, दोन-तीन मेट (कप्तानाच्या हाताखालचे अधिकारी), बोसन (खलाशांचा मुकादम), सुतार, शिडं शिवणारा, स्वयंपाकी, स्टुअर्ड, काही उमेदवार (शिकाऊ) पोरं आणि बाकी खलाशी. खलाशांचे दोन गट, चार-चार तासांच्या पाळ्या. संध्याकाळी चार ते आठमध्ये दोन-दोन तासांच्या दोन पाळ्या घालत, म्हणजे रोज तीच पाळी त्याच गटाच्या वाट्याला येत नसे. सुतार, शिडंवाला, स्वयंपाकी हे पाळीत नसत. दिवसभर काम, रात्री झोप. खलाशांचा त्यांच्यावर राग असायचाच.

सुताराला मात्र कमी लेखू नका. त्याच 1872 साली परतीच्या वाटेवर केप ऑफ गुड होपच्या आसपास वादळात 'कटी सार्क'चं सुकाणू तुटून गेलं. हेंडरसन नावाच्या सुताराने भर समुद्रात, डेकवर भट्टी पेटवून नवं सुकाणू उभं केलं. तुमच्या कथेत असं काही घडवलंत तर कुणी 'अतिशयोक्ती' म्हणणार नाही.

निवृत्त_मेट
ताई, तीस वर्षं बोटीवर काढली (इंजिनाच्या, शिडाच्या नव्हे), म्हणून लिहायचं धाडस करतो. दोन आणि पाच, दोन्ही आकडे खरे असू शकतात, फक्त ते वेगवेगळ्या माणसांचे असतील. 1870 च्या दशकात शिडाच्या जहाजावर पक्क्या खलाशाला महिना साधारण अडीच ते तीन पौंड. आगबोटीवर थोडे जास्त. सुताराला पाचाच्या आसपास. उमेदवार पोरांना पगार नाहीच, उलट त्यांचे आईबाप मालकाला पैसे भरत.

पण तुमच्या कथेला महिन्याचा आकडा नकोच आहे. तुम्हाला हवा हिशेबाचा कागद. आपण मनानेच मांडू. नऊ महिन्यांची सफर, महिना अडीच पौंड, म्हणजे साडेबावीस. त्यातला पहिला महिना आगाऊ. पण तो रोख नव्हे, चिठ्ठी मिळायची आणि ती वटायची जहाज निघून गेल्यावर, तेही गडी खरोखर जहाजावर असला तरच. त्याला पैसे तर आजच हवेत. मग ज्याच्या खाणावळीत तो उधारीवर राहिला तोच मालक ती चिठ्ठी कमी पैशांत घ्यायचा. गेले अडीच. उरलेले आठ महिने निम्मा पगार घरी बायकोला, म्हणजे आणखी दहा. वाटेत कप्तानाच्या पेटीतून घेतलेले बूट, तंबाखू, मेणकापडाचा कोट, धरा दोन पौंड आठ शिलिंग. हातात उरले सात पौंड बारा शिलिंग. (एका पौंडाचे वीस शिलिंग, लिहिताना दशांश वापरू नका.)

आणि धक्क्यावर उतरताना तेही खिशात नसत. शिपिंग ऑफिसात सरकारी माणसासमोर हिशेब व्हायचा आणि त्यात चार दिवस सहज जायचे. तोवर तो पुन्हा त्याच खाणावळीत. तुमचं चौथं प्रकरण तिथे आहे.

दर्याकाठी
काका, 'कप्तानाच्या पेटीतून' वाचून अंगावर काटा आला. म्हणजे आपल्याच पगारातून आपल्यालाच बूट! आणि जहाज बुडालं तर?

निवृत्त_मेट
1854 च्या कायद्याआधी नियम असा की भाडं मिळालं तर पगार. माल पोचला नाही, भाडं नाही, म्हणून पगारही नाही. जीव वाचवून आलेला खलाशी रिकाम्या हाताने घरी. तुमच्या 1872 मध्ये तसं नव्हतं, पण पगार जहाज बुडाल्या तारखेला थांबायचा. होडीत बसून वल्ही मारली ते दिवस फुकट.

जुनी_दप्तरं
पुस्तकांआधी मूळ कागद बघा असं सुचवेन. प्रत्येक सफरीसाठी 'क्रू अ‍ॅग्रीमेंट' व्हायचं. त्यात नाव, वय, जन्मगाव, आधीचं जहाज, हुद्दा, महिन्याचा पगार, आगाऊ किती, कुठे चढला, कुठे उतरला की पळाला, सगळं रकान्यांत. कप्तानाचा पगार मात्र सहसा त्यात सापडत नाही, त्यात वेळ घालवू नका.

हे कागद एका जागी नाहीत. 1863 नंतरचे सुमारे सत्तर टक्के कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात. 1865, 1875, 1885 अशी पाचावर संपणारी वर्षं ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात. दहा टक्के नमुना लंडनमध्येच, क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. जहाज नावाने शोधाल तर फसाल, एका नावाची दहा निघतात. 1855 पासून प्रत्येक जहाजाला अधिकृत क्रमांक आहे, नाव बदललं तरी तो बदलत नाही. 'क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट'च्या साइटवर आधी तो काढा, मग पत्र लिहा.

बंदरकर
रत्नागिरीच्या खलाशाबद्दल जरा जपून. आपली माणसं विलायती जहाजांवर होती, भरपूर होती. पण सहसा एकेकटी नाही. मुंबईत सारंग अख्खी टोळी घेऊन चढायचा: सारंग (टोळीचा म्होरक्या), तांडेल (त्याचा मदतनीस), खलाशी, भंडारी (स्वयंपाकी). त्यांचा करारही वेगळा आणि पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-पाचव्या हिश्शाइतका. सारंगाला बोसन समजून लिहिलंत तर अर्धं बरोबर, कारण तो काम वाटायचाच, पण पोरांना नोकरी द्यायचा, उसने द्यायचा आणि गावाकडची भांडणंही तोच मिटवायचा. 1869 ला सुएझ उघडल्यावर आगबोटी वाढल्या, आपली माणसं जास्त करून तिकडे. लंडनहून निघालेल्या चहाच्या क्लिपरवर एकटा रत्नागिरीकर ठेवायचाच असेल, तर तो तिथे कसा पोचला याला एक अख्खं पान द्या.

उलटा_वारा
+1. आणि ते पान दिवाळी अंकाचा संपादक कापणार नाही अशी आशा.

दर्याकाठी
सगळ्यांचे आभार. नायकाची बायको आता कथेत आली, निम्मा पगार तिच्याकडे जातो म्हटल्यावर तिला बाहेर कसं ठेवू? रत्नागिरीकर बहुधा आगबोटीवर हलवते, शांघायच्या बंदरात दोघांची गाठ घालते. आणि आजीच्या आजोबांसाठी मामाला विचारलं. तो म्हणतो, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक इंग्रजी कागद आहे, त्यावर जहाजाचं नाव पुसट झालंय पण खाली एक आकडा दिसतो. पाच अंकी. बंदरकर, दप्तरं, हा अधिकृत क्रमांक असू शकेल का?

जुनी_दप्तरं
असू शकेल. फोटो टाका, पण हाताने पुसू नका.