फेब्रुवारीत ग्रीस : आई-बाबांना घेऊन कसं आखावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
फेब्रुवारीत आठवडाभर ग्रीसला जायचा बेत आहे. सोबत आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या आसपास. सँटोरिनी बेट मुद्दाम वगळलंय. हिवाळ्यात तिथली बरीच हॉटेलं बंद असतात, फेऱ्याही कमी आणि वाऱ्यामुळे कधी बोटीच रद्द. निळे घुमट फोटोत बघू!

त्याऐवजी अथेन्स, मग नाफ्प्लिओ आणि डेल्फी (प्राचीन देवस्थानाचे अवशेष) असं डोक्यात आहे. नाफ्प्लिओ ही आधुनिक ग्रीसची सुरुवातीच्या काळातली राजधानी. तिथून मायसीनी या प्राचीन नगरीचे अवशेष आणि एपिडॉरसचं प्राचीन नाट्यगृह दोन्ही जवळ. पालामिदी किल्ल्याला ९९९ पायऱ्या आहेत म्हणतात. बाबा ऐकताक्षणी उत्साहात, आईचे गुडघे नाहीत. सुदैवाने वरपर्यंत रस्ता आहे.

अडलंय ते मेटेओरापाशी. कड्यांवरचे ते मठ बघायचेच आहेत, पण बहुतेक मठांना पायऱ्या तिथेही आहेतच, शिवाय मठांचे सुट्टीचे वार वेगवेगळे. अथेन्सहून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे दमछाक वाटते. मेटेओराच्या पायथ्याच्या कालांबाका गावी मुक्काम करावा, की डेल्फी गाळावं? ज्येष्ठांना त्यातल्या त्यात कुठला मठ सोपा?

गाडी स्वतः चालवावी का? डेल्फीजवळ पार्नासोस डोंगरावर बर्फ असतो, म्हणून धाकधूक आहे.

आणि हो, आई शुद्ध शाकाहारी. फावा (डाळीचं घट्ट वरण), गिगांतेस (मोठ्या पांढऱ्या बियांची उसळ), पालकाची स्पानाकोपिता एवढं शोधून ठेवलंय. थंडीत तिकडे गेलेल्यांनी कृपया अनुभव सांगा.